मातीखालचा बालाजी

वैशाखात एकदा किन्हीराजाच्या शिवारात धुऱ्यावर बसा. हरभरा, गहू निघून गेलेला असतो, खरिपाच्या पेरणीला अवकाश असतो, रान उघडं पडलेलं असतं. निंबाची असेल तर निंबाची, नाहीतर बाभळीची, जी सावली मिळेल ती घ्या. मालेगाव-शेलूबाजार रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत राहतील. त्यांना थांबवायचं नाही. मनन करायला शांतता लागते हा समज सोडून दिलेला बरा. आपल्याकडची देवळं भर बाजारात असतात आणि तिथली माणसं घंटेच्या गजरातही आपल्यापुरती शांत होतात.

आता समोरची जमीन पाहा. भेगा पडल्या आहेत. काही भेगांत मूठ जाईल, पण हात घालू नका, विंचूकाट्याचा काही भरवसा नाही. एखादी वाळकी काडी घ्या आणि हलकेच आत सोडा. किती खोल गेली? वरची माती भाजलेली आणि कडक आहे, पण जसजशी काडी खाली जाईल तसा गारवा येईल. काडी वर काढून तिचं टोक बोटांनी चाचपा. क्षणभर तिथेच राहा.

मनात धरायचा प्रश्न एकच आहे. देवळाची स्थापना कोण करतं?

किन्हीराजाहून मालेगावला गेलं की तिथून एक वाट दक्षिणेला वाशीमला जाते आणि दुसरी पश्चिमेला, डोणगावावरून मेहकरला. दोन्ही ठिकाणी बालाजीचं देऊळ आहे. दोन्ही बालाजी काळ्या पाषाणाचे. आणि दोन्ही जमिनीतून निघालेले. वाशीमचा अठराव्या शतकात, मेहकरचा 1888 साली. वऱ्हाडात ‘देव बसवला’ असं म्हणतात तसं ‘देव निघाला’ असंही सर्रास म्हणतात, आणि निघालेल्या देवाचा मान काकणभर जास्तच असतो. आधी वाशीमकडे वळू, मेहकर शेवटी.

वाशीमची हकीकत अशी सांगतात. औरंगजेबाच्या काळात मूर्ती फोडल्या जातील या भीतीने लोकांनी देव मातीत पुरले. पुढे ते कुठे पुरले याचा विसर पडला. अनेक वर्षांनी एक घोडेस्वार तिथून चालला होता. हातातल्या काठीच्या टोकाने सहज माती उकरताना त्याला मूर्तीचं बोट दिसलं. लोक जमले, खणलं, बालाजी निघाला आणि त्याच्याबरोबर इतर देवांच्या मूर्तीही निघाल्या. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातले भवानी काळू यांनी देऊळ बांधलं. खांबावरच्या लेखात शके 1700 आहे, म्हणजे इसवी सनाचं 1778-79. स्थापना कोणी केली, असं कोणी विचारलं तर मार्गदर्शक पुस्तिका भवानी काळूंचं नाव सांगून मोकळी होते. ते उत्तर खोटं नाही. पण इतक्यात उठू नका.

मागे जा. मूर्ती पुरली गेली त्या रात्रीपर्यंत जा.

रात्र मी म्हणतो आहे, कारण दिवसाढवळ्या हे काम कोणी केलं असेल असं वाटत नाही. किती माणसं असतील? दगडाची मूर्ती एकट्याला उचलत नाही, आणि फार माणसं घेतली तर गोष्ट फुटते. म्हणजे मोजकीच, विश्वासातली. कुदळ, पावडं, टोपलं. खड्डा किती खोल घ्यायचा यावर दबक्या आवाजात वाद झाला असेल. उथळ घेतला तर नांगराचा फाळ लागेल, खोल घेतला तर परत काढताना जड जाईल. मूर्ती उभी ठेवायची की आडवी? पाठीवर की पालथी? काल सकाळपर्यंत जिला स्नान घातलं, गंध लावलं, तिच्या डोळ्यांवर पहिलं टोपलं कोणी रिकामं केलं असेल?

या माणसाजवळ थोडा वेळ थांबा. त्याचं नाव उरलेलं नाही. त्याची जात, त्याचं घर, काही उरलेलं नाही. तो पुजारी असेल किंवा गुरव असेल, नाहीतर नुसताच गावातला घट्ट छातीचा माणूस. माती टाकून झाल्यावर त्याने वरून पाय दाबले असतील. ते करावंच लागतं, नाहीतर ताजी माती ओळखू येते. देवावर पाय द्यावा लागला त्याला. हात आपोआप जोडले गेले असतील की नाही, देव जाणे. मग घरी जाऊन त्याने अंघोळ केली असेल, आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तेव्हा काही माहीत नसल्याचा चेहरा केला असेल.

पंढरपूरचं उदाहरण इथे शेजारी ठेवून पाहा. 1695 ते 1699 या वर्षांत औरंगजेबाची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती, पंढरपूरपासून फार दूर नाही. बडव्यांनी विठोबाची मूर्ती देगावच्या पाटलांकडे ठेवायला दिली आणि धोका टळल्यावर ती परत पंढरपूरला आणली. तिथे ठेवणारा ठाऊक होता, ठेवून घेणारा ठाऊक होता, परत आणणारेही ठाऊक होते. लपवणं आणि आणणं एकाच पिढीत आटोपलं. वाशीमला तसं झालं नाही. ज्यांना माहीत होतं ते मेले. सांगायचं राहून गेलं असेल किंवा सांगायला विश्वासाचं माणूस भेटलं नसेल. पटकी, दुष्काळ, परागंदा होणं, त्या काळात माणसं नाहीशी व्हायला कारणांची कमी नव्हती. गुपित इतकं नीट राखलं गेलं की ते राखणाऱ्यांबरोबरच गेलं. मूर्ती वाचावी म्हणून जे केलं, त्यानेच ती हरवली.

हे अपयश म्हणायचं का? मला नाही वाटत. पण घाईने उत्तर देऊ नका, प्रश्न तसाच राहू द्या.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. औरंगजेबाचं नाव लोकांच्या तोंडी आहे, आणि जमिनीतून निघालेल्या बहुतेक मूर्तींना महाराष्ट्रात हीच कथा जोडलेली आढळते. सगळ्याच मूर्ती भीतीने पुरल्या गेल्या असं नाही. ओस पडलेल्या देवळांची पडझड होऊन, पुराचा गाळ साचूनही देव खाली गेले आहेत. वाशीम हे तर फार जुनं गाव. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. चौथ्या-पाचव्या शतकात इथे राज्य होतं, सर्वसेन राजाने इथे ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य लिहिलं, आणि विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली वाशीमलाच मिळाला. अशा गावाच्या पोटात काय काय असेल याचा हिशेब एकाच बादशहाच्या नावावर मांडता येत नाही. पण मननासाठी लोकांची कथा घ्यायला माझी हरकत नाही, कारण तिच्यात भीती आहे, हात आहेत आणि माती आहे.)

आता पुन्हा काडीकडे या. ही जमीन काळी आहे, कारण ती काळ्या दगडाची झालेली आहे. सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत पसरलेला लाव्हा, त्याचा बेसाल्ट, तो ऊनपावसाने झिजून ही माती. पाणी पडलं की ती फुगते, ऊन लागलं की आक्रसते आणि फाटते. दर वर्षी हेच. घराच्या भिंतींना तडे जातात ते यामुळेच, म्हणून वऱ्हाडात पाया मुरूम लागेपर्यंत खणतात. आणि या फुगण्या-आक्रसण्यात आणखी एक गोष्ट होते. भेगेत वरची बारीक माती पडते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर दाटते, आणि दगडगोटे हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात. शेतकऱ्याला हे विज्ञान शिकवावं लागत नाही. दर उन्हाळ्यात तो शेतातले दगड वेचून धुऱ्यावर टाकतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तितकेच हजर असतात.

वाशीमची मूर्ती अशीच वर आली असा माझा दावा नाही. अख्खी पाषाणमूर्ती आणि गोटा यांत फरक आहे. वरची माती पावसाने वाहून गेली असेल, गुरांच्या खुरांनी उडाली असेल. पण एवढं मनात आणा: पुरणाऱ्याने जमीन निवडली तेव्हा ती निश्चल आहे असं धरून निवडली. ती निश्चल नव्हती. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. वरून कोणी पाळी घातली, कोणी ज्वारी पेरली, डवऱ्याचे फेर झाले, कपाशी वेचायला बाया ओळीने चालत गेल्या. खाली देव आहे हे कोणालाच ठाऊक नाही. नैवेद्य नाही, दिवा नाही, घंटा नाही. मुलांची लग्नं झाली, तंटे झाले, माणसं तीर्थाला जाऊन आली.

पूजा नसलेल्या त्या वर्षांत देव होता की नुसता दगड होता?

या प्रश्नावर शास्त्राचं उत्तर एका दिशेला जातं आणि लोकांचं दुसऱ्या. शास्त्र सांगतं की पूजा खंडित झाली की मूर्तीतलं देवत्व उरत नाही, पुन्हा संस्कार करावे लागतात. लोक म्हणतात देव निघाला, म्हणजे तो आत होताच. मला यात लोकांची बाजू पटते, पण शास्त्रातली एक गोष्ट विसरवत नाही. नव्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करताना तिला थेट गाभाऱ्यात नेत नाहीत. आधी जलाधिवास होतो, मूर्ती पाण्यात ठेवतात. मग धान्याधिवास, तेव्हा ती धान्याच्या राशीत झाकून ठेवतात. शय्याधिवासात तिला निजवतात. शेवटी नेत्रोन्मीलन, सोन्याच्या काडीने डोळे उघडायचे, आणि मग प्राणप्रतिष्ठेचे मंत्र. म्हणजे दिसण्याआधी देवाने दिसेनासं व्हायचं असतं, हे त्या विधीतच आहे.

वाशीमच्या बालाजीचं काय झालं ते या विधीशेजारी ठेवा. मातीत पडलेलं पावसाचं पाणी झिरपून त्याच्यापर्यंत गेलं. वर पिढ्यान् पिढ्या ज्वारी पिकली. तो निजून राहिला. ह्या अधिवासाला मुहूर्त नव्हता, यजमान नव्हता, दक्षिणाही नव्हती. आणि डोळे उघडायला सोन्याची काडी नव्हती, एका स्वाराच्या हातातली काठी होती.

तो स्वार. त्याचंही नाव नाही. तो कुठून कुठे चालला होता ते माहीत नाही. घोड्याला दम द्यायला थांबला असेल. खाली उतरून बसलेला, हातातल्या काठीने माती उकरत बसलेला माणूस तुम्ही पाहिलेला आहे. एसटीची वाट पाहणारे म्हातारे अजून तसंच करतात. त्याला काही शोधायचं नव्हतं, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं. स्वप्नात दृष्टान्त झाला, गाय येऊन पान्हा सोडू लागली, अशा कथा आपल्याकडे ढिगाने आहेत. वाशीमच्या कथेत तसला काही थाट नाही. रिकामा वेळ, काठी आणि बोट. ते बोट पाहून तो आधी दचकला असेल. मातीतून बोट दिसलं तर माणसाला देव आठवत नाही, प्रेत आठवतं. मग काठीने वाजवून पाहिलं असेल, आणि दगडाचा आवाज आला असेल.

इथे श्वास सावकाश सोडा. पुढे भवानी काळू येतात, आणि त्यांच्याबरोबर नावं, सालं, पैसा सगळं येतं.

भवानी काळू हे भोसल्यांच्या चाकरीत वर चढलेले माणूस. जानोजी भोसल्यांच्या कारकिर्दीत 1764 ते 1768 या काळात ते ओडिशात कटकचे सुभेदार होते, पुढे साबाजी भोसल्यांचे दिवाण झाले. देऊळ बांधायला बारा वर्षं लागली असं सांगतात. बारा वर्षं म्हणजे एक तप, त्यामुळे हा आकडा तोंडी परंपरेने गोल केलेला असू शकतो. पण तो खरा धरला तर लेखाच्या सालापासून मागे मोजत जाऊन काम साधारण 1766-67 ला सुरू झालं असं येतं. त्या बारा वर्षांत काय काय घडलं पाहा. 1772 साली जानोजी वारले. साबाजी आणि मुधोजी या भावांत गादीवरून तंटा लागला. 1775 च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. ज्यांची दिवाणगिरी केली ते धनीच गेले, राज्य दुसऱ्या भावाकडे गेलं, आणि वाशीमला पाथरवटाची छिन्नी चालूच राहिली. शिवाय हा मुलूख दोअमली, महसुलात निजामाचाही वाटा आणि भोसल्यांचाही. रयतेला दोन दारं. असल्या अस्थिर काळात बारा वर्षं एकच काम लावून धरणं ही मला त्या माणसाची खरी थोरवी वाटते. नुसत्या पैशाने ते होत नाही. अर्थात पैसाही लागलाच, आणि तो पैसा शेवटी सुभेदारीतून, म्हणजे कुणाकुणाच्या शेतसाऱ्यातून आलेला असणार. हेही मनात येऊ द्या, ते झटकू नका.

देवळात गेलात तर गाभाऱ्याकडे धावण्याआधी दगडी फरसबंदीच्या त्या मोठ्या चौकात उभे राहा. भोवतीच्या ओवऱ्या पाहा. आलेल्यागेलेल्याने कुठे बसायचं, पंगत कुठे मांडायची, कारभार कुठे चालायचा, याचा विचार बांधणाऱ्याने केलेला आहे. मग देवतळं पाहा. तेही भवानी काळूंनीच बांधलं, पायऱ्यांचं, प्रशस्त. देवाच्या अंगावरची फुलं, तुळस, निर्माल्य तळ्यात सोडायची रीत होती. माणूस देऊळ बांधतो तेव्हा देवाला काय वाहायचं ते ठरवतो, पण वाहिलेलं नंतर कुठे जाणार हेही ज्याने ठरवलं त्याला घर चालवण्याची अक्कल होती. आश्विनात उत्सव असतो, पंचक्रोशीतून माणसं येतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात. सोयाबीन निघायचा हाच हंगाम, त्यामुळे हल्ली लोक मळणीयंत्राची पाळी आणि दर्शनाची पाळी दोन्ही सांभाळून येतात.

आता जरा अवघड जागेकडे. तुम्ही या चौकात उभे आहात. इथला दगड वाहणारे, चुना मळणारे, तळं खणणारे, मातीची टोपली डोक्यावर घेऊन काठावर चढणारे, ते सगळे देऊळ पुरं झाल्यावर आत आले असतील का? त्या काळात वऱ्हाडातल्या कुठल्याही मोठ्या देवळात अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला उंबरठ्याबाहेरच थांबावं लागे. 1927 साली अमरावतीला अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभा राहिला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो 1947 साली. शके 1700 पासून मोजा, जवळजवळ पावणेदोनशे वर्षं होतात. मातीत पुरलेला देव सगळ्यांचा होता, कारण त्याच्यावरून कोणीही चालत जाऊ शकत होतं, कोणाचाही नांगर फिरू शकत होता. देवळात बसल्यावर तो थोड्यांचा झाला. खांबावर एकच साल आहे. माझ्या मते स्थापनेच्या सालांत 1947 हेही धरायला हवं, आणि त्याआधीचं, न लिहिलेलं, पुरल्याचं सालही.

मेहकरला जायचं राहिलं.

तिथे काळ अगदी वेगळा. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या हाती. 1888 साली खोदकाम करताना शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली. एकाच काळ्या पाषाणातली, उंची जवळजवळ अकरा फूट, भोवतीच्या प्रभावळीत दशावतार. वाशीमच्या स्वाराला नुसतं बोट दिसलं, इथे अख्खा देव माणसाच्या दुप्पट उंचीचा समोर. पुढचं लोक सांगतात ते असं: साहेबांच्या मनात ती लंडनच्या म्युझियमला धाडायची होती, आणि हुकूम येण्याआधी गावकऱ्यांनी घाईघाईने तिची स्थापना करून टाकली. एकदा पूजा सुरू झालेला देव हलवणं सरकारलाही जड जातं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. जुन्या वाशीमकरांनी देव वाचवायला तो दिसेनासा केला असेल, तर मेहकरकरांनी त्याला चारचौघांत उभा करून वाचवला. दोघांच्याही मागे भीती होती, युक्ती मात्र नेमकी उलटी.

त्या घाईत बसा थोडा वेळ. इथे मुहूर्त बघायला सवड नव्हती. अधिवास किती झाले, किती राहिले, कोणी मोजलं नसेल. अकरा फुटांचा सलग दगड, वजन काही टनांत. क्रेन नाही, जॅक नाही. नाडे, सबली, लाकडाचे ओंडके, आणि गावातली जितकी मिळतील तितकी माणसं. एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी एका दमात जोर लावायचा. मध्येच कोणाचा तरी पाय घसरला असेल, कोणाचा हात चेंगरला असेल, कोणी शिव्या दिल्या असतील आणि लगेच जीभ चावली असेल. आजही मेहकरच्या गाभाऱ्यात देवाचं मुख पाहायला मान वर करावी लागते. ती वर केली असतानाच अंदाज करा, त्या दिवशी नाड्याला हात लावणारी माणसं किती असतील. मी वीस-पंचवीस धरली होती. गावातले जाणते म्हणतात तेवढ्यात नाही व्हायचं, निदान पन्नास तरी लागतील.